जहाजाची आतली बाजू बघायची असेल तर

क्रूझवर वारंवार जाणाऱ्यांना कंपन्या ज्या सवलती देतात, त्यात फुकट कपडे धुऊन मिळणं, संध्याकाळचं एखादं पेय, जहाजावर चढताना वेगळी रांग यांचीच चर्चा जास्त होते. माझ्या लेखी त्यातली सगळ्यात मोलाची सवलत म्हणजे प्रवाशांना एरवी बंद असलेला भाग आतून दाखवणारी फेरी. स्वयंपाकघर, कोठी, लाँड्री, कचऱ्याची खोली, इंजिन कंट्रोल रूम आणि जमलं तर ब्रिज, म्हणजे जहाज जिथून हाकलं जातं ती खोली.

माझी सगळी नोकरी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात पॅन स्टेशनवर, म्हणजे आटवलेल्या रसातून साखरेचे दाणे तयार होतात त्या विभागात, झाली. आता सांगलीत विश्रामबागेत राहतो. मुलगी सिंगापूरला असते, त्यामुळे आम्हा दोघांचं क्रूझवर जाणं होतं. आपल्या भागातली बरीच मंडळी हल्ली सिंगापूरहून किंवा मुंबईहून क्रूझला जाऊन येतात. परत आल्यावर जेवणाचं आणि डेकवरच्या फोटोंचं भरभरून सांगतात, पण ही फेरी मागितली का विचारलं तर असं काही असतं हेच बहुतेकांना माहीत नसतं.

सुरुवात सभासद क्रमांकापासून करा. मोठ्या कंपन्यांच्या आपापल्या योजना आहेत. रॉयल कॅरिबियनची क्राउन अँड अँकर सोसायटी, नॉर्वेजियनची लॅटिट्यूड्स, प्रिन्सेसची कॅप्टन्स सर्कल, एमएससीची व्हॉयेजर्स क्लब. सभासद होण्याला पैसे पडत नाहीत. जहाजावर किती रात्री काढल्या हा हिशेबाचा मुख्य आधार. उदाहरणार्थ, रॉयल कॅरिबियनमध्ये साध्या खोलीत रात्रीला १ गुण आणि स्वीटमध्ये, म्हणजे मोठ्या महागड्या खोलीत, २ गुण मिळतात. ८० गुणांना डायमंड ही पातळी, १७५ गुणांना डायमंड प्लस.

आपल्याकडच्या लोकांचं खरं नुकसान होतं ते नावात. पासपोर्टवर आपल्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. एका बुकिंगला ते लावलं आणि पुढच्या वेळी गाळलं, की कंपनीच्या लेखी दोन वेगळी माणसं तयार होतात आणि रात्री दोन खात्यांत वाटल्या जातात. म्हणून नाव कायम पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. बुकिंग एजंटमार्फत करत असाल तर ईमेल पत्ता स्वतःचा द्या, नाहीतर सभासदांना येणारी आमंत्रणं एजंटच्या पेटीत पडून राहतात. पैसे भरायच्या आधी कच्च्या बुकिंगवर आपला सभासद क्रमांक छापून आलाय का, ते डोळ्यांनी बघा.

आता फेरी कुठे मिळते ते. नॉर्वेजियनच्या लॅटिट्यूड्स योजनेत प्लॅटिनम पातळीपासून ही फेरी सवलतींच्या यादीतच धरलेली आहे. रॉयल कॅरिबियनवर ऑल ॲक्सेस टूर, प्रिन्सेसवर अल्टिमेट शिप टूर, कार्निव्हलवर बिहाइंड द फन अशा नावांनी ती विकतही मिळते. विकतची फेरी माणशी १०० डॉलरच्या पुढे जाऊ शकते, जहाजानुसार कमीजास्त. माझं मत स्पष्ट आहे: केवळ या फेरीसाठी रात्री गोळा करत बसू नका. वरची पातळी गाठायला लागणाऱ्या खर्चात विकतची फेरी कितीतरी वेळा होईल. ज्याला यंत्रांची, स्वयंपाकाची, माणसांच्या कामाची मनापासून ओढ आहे, त्याने पहिल्याच सफरीत पैसे मोजून बघावी आणि पुढे पातळी आपोआप वाढली तर सवलतीत पुन्हा बघावी. पैसे मोजायचे नसतील, तर बऱ्याच जहाजांवर नुसत्या स्वयंपाकघराची छोटी फेरी असते, तिची चौकशी करा.

सफर निवडताना वेळापत्रकात सबंध दिवस समुद्रात आहे का ते बघा. या फेऱ्या बहुतेक समुद्रातल्या दिवशी सकाळी ठेवतात, कारण बंदरात असताना माल चढतो, कचरा उतरतो, खालच्या मार्गिकांत पाय ठेवायला जागा नसते. दोन-तीन रात्रींच्या धावत्या सफरीत तसा दिवसच नसला तर फेरीचं जमणं अवघड. मुंबईहून जाणारं कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे जहाज १९९० सालचं आहे. पहिल्यांदा समुद्र अंगाला मानवतो का बघायला त्याची छोटी सफर चांगली. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते आणि बॅलार्ड पिअर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तरी गाडीच्या भरवशावर त्याच दिवशी जहाज पकडायला जाऊ नका, आदल्या दिवशी पोचा.

जहाजावर चढलात की सामान खोलीत येण्याची वाट न बघता रिसेप्शनवर जा. सभासदांसाठी वेगळा माणूस नेमलेला असेल तर त्याच्याकडे जा. नाव, खोली क्रमांक आणि पातळी सांगून विचारा की पडद्यामागची फेरी या सफरीत आहे का, कोणत्या दिवशी, आणि यादीत नाव घालाल का. गट लहान असतो आणि जागा पहिल्याच संध्याकाळी भरतात. जागा संपल्या असतील तर प्रतीक्षा यादीत नाव घाला आणि फेरीच्या आदल्या रात्री पुन्हा विचारा. एखाद्याला समुद्र लागलेला असतो, एखाद्याला उठायचा कंटाळा येतो, आणि जागा सुटते. सवलत फक्त सभासदाला आहे की त्याच खोलीतल्या जोडीदारालाही, हेही तेव्हाच विचारून घ्या. आमच्या सौभाग्यवतींना यंत्रांत रस नाही, पण त्यांचं माहेर मिरजेचं, वडील लग्नाच्या पंगतींचे आचारी. त्यांना स्वयंपाकघर चुकवून चालणारच नव्हतं.

पायात बंद बूट हवेत. चपला, सँडल घातलेल्या माणसाला दारातून परत पाठवतात. लोखंडी जिने उभे असतात, दारांचे उंबरे उंच असतात, म्हणून बायकांनी साडीपेक्षा सलवार किंवा पँट घालावी. गुडघे दुखत असतील तर किती जिने आहेत ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी मोबाइल आणि कॅमेरा बंद, वयाची अट असते आणि एका कागदावर सही घेतात. पोट बिघडलं असेल तर कृपा करून जाऊ नका. तुम्ही हजारो लोकांच्या अन्नाजवळ जाणार आहात.

ब्रिजबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अपेक्षाभंग तिथेच होतो. पूर्वी प्रवाशांना ब्रिजवर सहज नेत असत. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर सुरक्षेचे नियम कडक झाले आणि १ जुलै २००४ पासून जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली. तेव्हापासून ब्रिज हा मर्यादित प्रवेशाचा भाग आहे. फेरीत ब्रिज असला तरी त्या दिवशी मिळेलच असं नाही. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत जहाजांची प्रचंड वर्दळ असते. पायलट, म्हणजे अवघड पाण्यातून वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, वर असताना किंवा गर्दीच्या पाण्यातून जाताना तिथल्या अधिकाऱ्याला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते, आणि नसावीच. अशा वेळी फेरी पुढे ढकलली तर वाद घालू नका.

आता मुख्य गोष्ट, प्रश्नांची. गळीत हंगामात शाळेच्या सहली कारखाना बघायला यायच्या तेव्हा त्यांना पॅन स्टेशन दाखवायचं काम माझ्याकडे असायचं. "केवढं मोठं आहे!" म्हणून पुढे जाणाऱ्या मुलांना मी ठरलेलं तेवढं सांगायचो. एखाद्या मुलीने "रस उकळतोय, मग पॅनच्या बाहेरून हात का भाजत नाही?" असं विचारलं, की मी शिफ्ट विसरून सांगत बसायचो. जहाजावरची माणसंही तशीच आहेत. त्यांच्या रोजच्या कामाविषयी नेमका प्रश्न विचारला, की ते खुलतात.

कंट्रोल रूममध्ये विचारा: आत्ता किती जनरेटर चालू आहेत, आणि बंदरात उभं असताना किती चालतात? या एका प्रश्नात अर्धं जहाज कळतं. आधुनिक क्रूझ जहाजात इंजिनं सहसा जहाजाला ढकलणारा पाण्यातला पंखा थेट फिरवत नाहीत. ती वीज तयार करतात, आणि त्याच विजेवर पंख्यांच्या मोटरी, एसी, लिफ्ट, शेगड्या सगळं चालतं. दुसरा प्रश्न: पंखे लांब दांड्यावर आहेत की ॲझिपॉडवर? ॲझिपॉड म्हणजे जहाजाच्या बुडाखाली टांगलेला, ३६० अंशांत फिरणारा मोटरचा गोळा. त्याला वेगळं सुकाणू लागत नाही. क्रूझ जहाजावर तो पहिल्यांदा १९९८ मध्ये एलेशन या जहाजावर बसला. प्रत्यक्ष इंजिन रूममध्ये मात्र नेण्याचा आग्रह धरू नका. तिथे उष्णता आणि आवाज इतका असतो की कंट्रोल रूमच्या पडद्यांवरच समाधान मानावं लागतं.

पाण्याचं जरूर विचारा. पिण्याचं, अंघोळीचं बरंचसं पाणी जहाजावरच समुद्राच्या पाण्यापासून बनतं. एक मार्ग रिव्हर्स ऑस्मोसिसचा, दुसरा इव्हॅपोरेटरचा. इंजिन थंड करून तापलेलं पाणी फिरवून त्या उष्णतेवर समुद्राचं पाणी व्हॅक्यूममध्ये, म्हणजे हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात, उकळतात. व्हॅक्यूम असल्यामुळे ते १०० अंशांच्या बरंच खाली उकळतं आणि फुकट जाणारी उष्णता कामाला येते. वाळवा, पलूस, कराड भागातल्या कारखान्यांत काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. आपल्या शेवटच्या बॉडीत, म्हणजे रस आटवायच्या ओळीतल्या शेवटच्या बंद भांड्यात, रस याच कारणाने कमी तापमानाला उकळतो. मी हे तिथल्या अधिकाऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याने मला पडद्यावरचा व्हॅक्यूमचा आकडा दाखवला आणि पुढची पाच मिनिटं आम्ही दोघंच बोलत होतो.

स्वयंपाकघरात उघडी ज्योत जवळपास कुठेच दिसणार नाही. आगीच्या भीतीने सगळं विजेवर आणि वाफेवर. शाकाहारी आणि जैन जेवणाची भांडी, भाजी चिरायच्या पाट्या वेगळ्या ठेवतात का, ते तिथेच विचारा. जेवणाच्या टेबलावर विचारण्यापेक्षा तिथे सरळ उत्तर मिळतं. सौभाग्यवतींनी उद्याच्या जेवणाचा अंदाज कसा बांधता, असं विचारलं. मागच्या सफरींत कोणत्या दिवशी काय किती खपलं याच्या नोंदी शेफने त्यांना दाखवल्या.

कचऱ्याची खोली बघून बऱ्याच जणांना कंटाळा येतो. मला ती फार महत्त्वाची वाटते. मारपोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्लास्टिक समुद्रात कुठेही टाकता येत नाही. उरलेलं अन्न २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक करून, किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या पुढेच सोडता येतं. विशेष संरक्षित समुद्रांत ती मर्यादा १२ मैल. बाटल्या, डबे हाताने निवडणारी माणसं तिथे तासन् तास उभी असतात. त्यांना नमस्कार करा, त्यांचं गाव विचारा. गोव्याचा, रत्नागिरीचा कुणी निघाला तर मराठीत, कोकणीत दोन शब्द बोला.

कर्मचाऱ्यांच्या लांबलचक मार्गिकेतून जाताना उघड्या दारांतून डोकावू नका. ते त्यांचं घर आहे. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर या मार्गिकेला तिकडच्या एका महामार्गाच्या नावावरून आय-९५ म्हणतात. दिवसरात्र ट्रॉल्या धावत असतात, म्हणून भिंतीकडेने एका रांगेत चाला.

फोटो काढता येत नसल्याने खिशात छोटी वही ठेवा आणि खोलीवर आल्याआल्या आकडे लिहून काढा, संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. ज्याने फेरी घडवली, ज्याने तुमच्या प्रश्नाला वेळ दिला, त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव आणि विभाग त्याच वहीत लिहून घ्या. सफर संपताना येणाऱ्या अभिप्रायाच्या अर्जात ते नाव घालून, त्याने नेमकं काय केलं ते दोन ओळींत लिहा. "सगळा स्टाफ छान" असं लिहिलेलं कुणा एकाच्या खात्यावर जमा होत नाही.