वाकळ येते म्हणून ब्लॉक येतो असं नाही: नवीन शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

बऱ्याच जणी विचारतात की क्विल्टचे ब्लॉक, म्हणजे जे जोडून अख्खी गोधडी होते ते एकेक चौकोनी भाग, शिकायचेत तर सुरुवात कुठून करू, क्लास लावू का, मशीन कुठलं घेऊ, आणि मी दरवेळी घाईत अर्धं सांगते आणि अर्धं राहून जातं, म्हणून एकदाच लिहून टाकते. महिन्याभराचा एक क्लास सोडला तर मी शिवणाचा कुठलाही कोर्स केलेला नाही. पतसंस्थेत हिशोब बघते, घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, आणि हा सगळा उद्योग रात्रीची भांडी आवरल्यावर साडेनऊ ते अकरा. चार वर्षं झाली.

माझी पहिली चूक म्हणजे मला वाटलं हे आपल्याला येतंच. आजीच्या हातच्या वाकळा पांघरून मोठी झाले, नवरात्राच्या आधी त्या पंचगंगेवर नेऊन धुवायच्या, दोघींनी दोन टोकं धरून पिळायच्या, ओली वाकळ किती जड होते ते जिनं उचललीय तिलाच माहीत. मग ठिगळं जोडायची त्यात काय एवढं, असं म्हणून एका रविवारी एकदम नऊ ब्लॉक शिवायला काढले. नाइन पॅच, म्हणजे तीन बाय तीन असे नऊ चौकोन, सगळ्यात सोपा ब्लॉक. संध्याकाळी जमिनीवर मांडून बघते तर एकही दुसऱ्याएवढा नाही. एक बारा इंच, एक सव्वाबारा, एक तर एका बाजूनं बारा आणि दुसऱ्या बाजूनं साडेबारा. दिवसभर रुपया-रुपयाचा ताळा जमवणारी मी, आणि माझेच चौकोन जमेनात.

आमचे आबा पेशानं सुतार. ते चष्मा लावून खाली वाकले, एक ब्लॉक उलटा केला आणि विचारलं, "बाळ, शिवणीत किती सूत धरलंस?"

मी काहीच धरलं नव्हतं. मशीनच्या प्रेसर फूटची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाची, कड दिसेल तशी शिवत गेले होते. तर हिशोब नीट समजून घ्या, कारण सगळं घोडं इथंच अडतं. इंचाचे आठ सूत, आणि क्विल्टमध्ये शिवण पाव इंचाची म्हणजे दोन सुताची. तयार ब्लॉक बारा इंची हवा असेल तर प्रत्येक चौकोन साडेचार इंचाचा कापायचा. तीन चौकोन मिळून साडेतेरा. मधे दोन शिवणी, प्रत्येक शिवण दोन्हीकडचं पाव पाव इंच खाते, म्हणजे एक इंच गेला, राहिले साडेबारा. त्यातला अर्धा इंच पुढं शेजारच्या ब्लॉकला जोडताना जाणार. आता तुम्ही दोनऐवजी तीन सुताची शिवण घातली तर साडेबाराच्या जागी बाराच राहतात. एका सुताची चूक, आणि ब्लॉक अर्ध्या इंचानं लहान. माझं तर कुठं दोन सूत, कुठं तीन, कुठं मधेच मोबाइल वाजला म्हणून साडेतीन.

त्यावर उपाय फुकटचा आहे. आईचं जुनं काळं पायमशीन आहे माझ्याकडं, नवीन काही घेतलेलं नाही. सुई खाली आणून तिच्यापासून बरोबर दोन सूत मोजलं आणि खालच्या पत्र्यावर बँडेजच्या चिकटपट्टीचे चार-पाच थर लावले, कापडाची कड त्याला टेकवून सरकवत न्यायची. मग परीक्षा घ्यायची: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. बरोबर एक इंच भरली तर पुढं जा, नाहीतर चिकटपट्टी हलवा. मला तीन संध्याकाळ लागल्या, पण त्यानंतर ब्लॉक कमी-जास्त झाला तर चूक कुठं झाली ते तरी कळायला लागलं.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला की वाकळ आणि पॅचवर्क हे दोन वेगळे खेळ आहेत. वाकळेला खाली जुनं लुगडं अंथरलेलं असतं. त्यावर ठिगळ ठेवायचं, कड आत दुमडायची, धावदोरा घालत पुढं जायचं, ठिगळ कमी पडलं तर शेजारचं जरा ओढून घ्यायचं, खालचं कापड सगळं सांभाळून घेतं. पॅचवर्कला खाली काहीच नसतं, एका तुकड्याला दुसरा तुकडा, बस्स, म्हणून तिथं मोजमापाला सुट्टी नाही. आपली वाकळ खरं म्हणजे अ‍ॅप्लिकेची, म्हणजे कापडावर कापडाचेच आकार बसवून शिवायच्या कामाची, सख्खी बहीण. बेळगावच्या पुढं हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या वाकळा, बघा, त्या कडेपासून सुरू करून आत मध्याकडं शिवत जातात, कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात, आणि तिथंही सगळं खालच्या कापडावर.

म्हणून माझं मत असं की घरात वाकळ शिवणारं कुणी असेल तर अ‍ॅप्लिकेपासून सुरू करा, आणि हाताशी मशीन आहे पण हातशिलाईचा कंटाळा आहे तर पॅचवर्कपासून. दोन्ही एकदम धरू नका. क्लास लावायला माझी ना नाही, मी एक लावला होता, पण तिथं महिनाभर रंगसंगती शिकवली आणि शिवण किती धरायची ते शेवटच्या दिवशी.

अ‍ॅप्लिके मला शिकवलं गल्लीतल्या आक्कांनी. त्या ऑर्डरनं वाकळा शिवतात, चष्मा न लावता. माझा पहिला टाका बघूनच म्हणाल्या, "अगं पोरी, एवढा लांब टाका? पायाचं बोट अडकंल की त्यात!" त्यांचं खरंय, वाकळेत बोट अडकून दोरा तुटतो तो असाच. अ‍ॅप्लिकेत तर टाका दिसायलाच नको. फुलाचा आकार कापताना भोवती दोन सुताहून जरा कमी कापड जास्त ठेवायचं, कच्च्या टाक्यानं खालच्या चौकोनावर बसवायचं, मग सुईच्या टोकानंच कड आत ढकलायची, एका वेळी अर्ध्या इंचाहून जास्त नाही, अंगठ्यानं दाबायची, आणि सुई दुमडीच्या अगदी काठातून वर काढून लगेच खाली घालायची. दोरा खालच्या चौकोनाच्या रंगाचा घेऊ नका, वरच्या फुलाच्या रंगाचा घ्या. पाकळ्यांच्या मधल्या खाचेत बारीक कात्री लावावी लागते, नाहीतर कापड तिथं वळतच नाही, पण बाहेरच्या गोलाईला मुळीच कापू नका, कोपरे निघतात. एक पाच पाकळ्यांचं फूल, तीन रात्री. हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे दुसऱ्या रात्री रडू येणार नाही.

कापडावर आकार आखायच्या साच्यांसाठी बाजारात महाग प्लास्टिक मिळतं. मी आबांच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेचे कापले, पुठ्ठ्यासारखी कड झिजत नाही आणि आरपार दिसतं, फक्त प्रत्येक चौकोनात थोडा थोडा गुडघा असतो. गोल करायला मात्र एक्स-रे वापरू नका. गोलात पुठ्ठा ठेवून, भोवती धावदोरा घालून, दोरा ओढून वरून इस्त्री फिरवायची असते, मी तिथं एक्स-रे ठेवला आणि तो पापडासारखा वळला. लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम, त्या कुणाच्या घरात नसतात?

कापडाचं थोडक्यात. सुरुवातीला सुती पॉपलिन किंवा केंब्रिक, बाकी काही नको. गांधीनगरला किंवा महाद्वार रोडला मिळतं, ब्लाउजवाल्या टेलरकडं कातरणं तर फुकटात मिळतात, पण त्यातलं टेरिकॉट आधी बाजूला काढा, सुतीची इस्त्री लागली की आकसतं. नवं कापड धुतल्याशिवाय कापायचं नाही. लाल आणि मरून तर ओलं करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघाच, माझ्या एका अख्ख्या ब्लॉकचा पांढरा भाग गुलाबी झालाय. खणाचे तुकडे सगळ्यांनाच मोहात पाडतात, पण खण कडेनं भसाभस सुटतो, त्याला मागून पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, चिकटवूनच कापा.

इस्त्रीबद्दल एकच. ती फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. नाइन पॅचच्या पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडं पाडा, दुसरीच्या डावीकडं, तिसरीच्या परत उजवीकडं. ओळी एकमेकींवर ठेवल्या की त्या शिवणी एकमेकींना अडून बसतात, डोळे मिटूनसुद्धा बोटाला कळतं, आणि चारही कोपरे एका बिंदूत येतात. पहिल्यांदा असं जुळलं तेव्हा मी आईला झोपेतून उठवून दाखवलं होतं. त्रिकोणांच्या ब्लॉकला तिरक्या कडा ओढल्या की ताणतात, म्हणून मी पाच इंची दोन चौकोन एकावर एक ठेवून कर्णाच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन सुतावर शिवते, मग कर्णावर कापते, दोन तयार तुकडे मिळतात आणि ते छाटून साडेचारला आणते.

पैशाचं विचाराल तर हा धंदा म्हणून बघू नका, निदान पहिली दोन वर्षं. मी कुशनची चार कव्हरं विकली. एक बाई म्हणाल्या, जुन्या साड्यांचीच तर आहेत, एवढे पैसे कसले? मी एका कव्हरचे तास मोजले, अकरा निघाले, आणि मग गप्प बसून ते कव्हर घरीच ठेवलं.

सध्या कोयऱ्या चालल्यात. कोयरीचं टोक दुमडताना आधी टोकाकडचं जास्तीचं कापड आडवं कापायचं, एक बाजू टोकापर्यंत शिवून आणायची, टोकावर एकाच जागी दोन टाके घालायचे आणि मगच दुसरी बाजू आत ढकलायची. आक्कांचं टोक सुईसारखं येतं. माझी दर तिसरी कोयरी अजून बोथट निघते.