डोक्याचे डॉक्टर कोणत्या वारी येतात?

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा करून कापसाची वेचणी सुरू केली त्या दिवशी आमचे हे बांधावर बसले, ते बसूनच राहिले. वेचायला आलेल्या बाया ओट्या भरून आणत होत्या, कापूस मोजायचा होता, आणि हे नुसते पऱ्हाटीकडे, कापसाच्या झाडांकडे पाहत होते. "काहून बसले असे?" म्हटलं, तर म्हणाले, "काही नाही व, उठावंसंच वाटून नाही राहिलं."

आमची पाच एकर कोरडवाहू आणि गावात पिठाची गिरणी. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्यापासून १४ किलोमीटर. त्या दिवसानंतर अकरा महिने यांची झोप रात्री तीनला मोडायची. भाकरी ताटात तशीच राहायची. गिरणीवर बसले तर कोणाचा डबा कोणता हेही ध्यानात राहत नव्हतं. त्या अकरा महिन्यांत आम्ही सलाईनी लावल्या, डोक्याचा फोटो काढला, एका देवस्थानाच्या पाच वाऱ्या केल्या, 'बाहेरचं' काढणाऱ्याला कोंबडं दिलं. सगळे मिळून ४२ हजार गेले, त्यातले २० हजार बचत गटातून उचललेले. आणि ज्या मानसोपचारतज्ज्ञांच्या, म्हणजे मनाच्या दुखण्याच्या डॉक्टरांच्या हातून हे बरे झाले, ते त्याच काळात आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी येऊन बसत होते. फुकट. बाजाराला जाताना मी त्या फाटकासमोरून किती वेळा गेले असेन.

मी ज्याला त्याला विचारत होते, "असा डॉक्टर कुठे मिळते?" लोक सांगायचे, "नागपूरले." विचारायला हवं होतं, "आपल्याकडे कोणत्या वारी येते?" हे कळायला दुसऱ्या कोणाचं वर्ष आणि पैसे जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

वार कोणाला विचारायचा

जिल्ह्याच्या ठिकाणी 'जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम' चालतो. त्याच्या टीममध्ये मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्य शिकलेला माणूस आणि नर्स असतात. ही टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात येते. त्यामुळे चिठ्ठीच्या खिडकीवर जाऊन "डोक्याचे डॉक्टर आहेत का?" विचारलं की उत्तर येतं, "नाहीत." तो माणूस खोटं बोलत नाही, त्या दिवशी ते नसतातच. मला असंच एकदा परत पाठवलं होतं आणि मी पायरीवर बसून रडले होते. विचारायचं ते असं: "जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम इथे कोणत्या तारखेला येते?" हे नाव पूर्ण घ्या, एवढंच पाठ करून जा. खिडकीवर कळलं नाही तर नर्सबाईंना विचारा, तिथेही नाही कळलं तर वैद्यकीय अधीक्षकांच्या ऑफिसात. आणि त्या दिवशी सुट्टी आली तर टीम कधी येईल, हेही तेव्हाच विचारून घ्या. आम्ही एकदा सणाच्या दिवशी जाऊन रिकामे परतलो.

तालुक्याला जायच्याही आधी आपल्या आशाताईला धरा. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या आपल्या सहा जिल्ह्यांत आणि मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत २०१५ पासून शेतकरी कुटुंबांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आला. त्यात आशाताईने घरोघरी जाऊन झोप, भूक, चिंता यांचे प्रश्न विचारायचे आणि ज्याला गरज त्याला पुढे पाठवायचं, अशी योजना आहे. आमच्याही घरी आली होती ती. मी दारातच म्हटलं, "सगळे मजेत आहेत." सासूबाई आत बसल्या होत्या, जाऊबाई ऐकत होती, काय सांगणार? तुमचंही असं होत असेल तर दुसऱ्या दिवशी तिला शेताच्या वाटेवर गाठा आणि एकटीने सांगा. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात. बीपी तपासायला जाते म्हणून गेलं तरी चालतं, आणि त्यांच्याजवळ ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ सेवेवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलायची सोयही असते.

सांगताना "टेन्शन आहे" एवढं म्हणू नका. टेन्शन तर सगळ्यांनाच आहे, समोरची बाईही तेच म्हणते. असं सांगा: "दहा महिने झाले, रोज तीनला उठून बसतात. पोळ्याले बैल सजवले नाहीत. पोराशी बोलत नाहीत." एवढं ऐकल्यावर आमची आशाताई म्हणाली, "काकू, हे आधी काहून नाही सांगितलं व?" आणि पुढच्या टीमची तारीख तिनेच आणून दिली.

तारीख लांब असेल तर फोन

१४४१६. याला 'टेली मानस' म्हणतात, केंद्र सरकारचं आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. रात्रंदिवस चालतं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी यंत्र बोलतं, भाषा विचारतं, मग समुपदेशक येतात. गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात आणि जवळचा सरकारी दवाखाना कोणता तेही सांगतात.

आमच्या गावात घरात रेंज येत नाही. मी पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर जाऊन फोन लावला होता, संध्याकाळी, ढोरं घरी यायच्या आधी. फोन पूर्ण चार्ज करून जा, कारण दोन मिनिटांत होणारं हे बोलणं नाही. मी पहिल्यांदा काहीच बोलू शकले नाही. पलीकडची बाई म्हणाली, "सावकाश बोला, मी आहे." घरच्या माणसानेही फोन करायला हरकत नाही, दुखणं ज्याचं त्यानेच केला पाहिजे असं काही नाही. माझी स्वतःची झोप गेली होती, त्याबद्दलही त्यांनी विचारलं. अकरा महिन्यांत ते कोणी विचारलं नव्हतं.

घरात दारूचा प्रश्न असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ वेगळा आहे. आणि शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींसाठी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतं का ते विचारा. परीक्षेत मागे पडलेली माझी भाची तिथल्या मॅडमशी जे बोलली, ते घरात कोणाशीच बोलली नव्हती.

जायच्या दिवशी

पहिली एसटी धरा. ओपीडी सकाळची असते आणि टीमला त्याच दिवशी परत जायचं असतं. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ च्या वरच्यांना काहीच नाही, म्हणून सोबत सासूबाईंना नेणंही परवडतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून चिठ्ठीचे आणि तपासणीचे पैसे लागत नाहीत. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात चिठ्ठीचे थोडे पडतात.

आधार, जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. धाग्याच्या, काढ्याच्या गोष्टीही सांगा, लाजू नका. आणि एक कागद लिहून न्या. माझ्या पोराने वहीचं पान फाडून लिहून दिलं होतं: कधीपासून, झोप किती, जेवण किती, काय बोलतात, दारू किती, घराण्यात आणखी कोणाला असं झालं होतं का. तिथे गेलं की तोंडाला कुलूप लागतं, म्हणून तो कागद. डॉक्टरांनी तो वाचला आणि थायरॉईड, साखर तपासायला लावली, कारण शरीरातलं दुखणंही असं दिसू शकतं.

आता सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट. तालुक्याला गर्दी असते, पहिल्या भेटीत डॉक्टर दहा मिनिटं देतात आणि गोळ्या लिहितात. बरेच जण म्हणतात, "नुसत्या गोळ्याच देल्ल्या," आणि पुन्हा जात नाहीत. तसं करू नका. उठायच्या आधी विचारा, "समुपदेशनासाठी वेगळं बसता येईल का?" आम्हाला टीममधल्या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या भेटीत पाऊण तास दिला. त्यांनी यांना उपदेश केला नाही. रोज एकच काम ठरवून दिलं: सकाळी सातला गिरणीचं शटर उघडायचं, दळण नाही केलं तरी चालेल. पुढच्या भेटीपर्यंत ते २३ दिवस जमलं. मग दुसरं काम, धुऱ्यापर्यंत चालत जाऊन यायचं. मग एक दिवस कर्जाचे आकडे कागदावर मांडायला लावले, बँकेचं वेगळं, सोसायटीचं वेगळं, कृषी केंद्राचं वेगळं. डोक्यात ते कर्ज डोंगराएवढं होतं. कागदावर आलं तेव्हा मोठंच होतं, पण मोजता येण्यासारखं.

गोळ्यांचा फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही थांबलो. चूक पुढे झाली. मिरगात पेरणीच्या घाईत हे म्हणाले, "आता मले काही होऊन नाही राहिलं," आणि गोळ्या बंद केल्या. दीड महिन्यात पुन्हा तीनची झोपमोड. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, कमी करायच्या त्याही त्यांच्या सांगण्याने. तालुक्याच्या दवाखान्यात साठा संपला असेल तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जन औषधी दुकानात विचारा.

दुखणं वाढलं असेल, माणूस आवाज ऐकतो, कोणी मारायला येतं म्हणतो, तर तालुक्याच्या तारखेची वाट पाहू नका. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहे. वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं मेडिकल कॉलेज, नागपूरजवळ मिहानमध्ये एम्स. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक दचकतात, पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे, तपासून संध्याकाळी घरी येता येतं. गडचिरोलीत चातगावजवळ सर्च संस्थेचा दवाखाना आहे. खासगीत जायचं तर फी आधी विचारा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे याच विषयात शिकलेला डॉक्टर, तोच गोळ्या देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. आमच्याकडून एका 'समुपदेशन केंद्रा'ने सहा बैठकांचे पैसे आधीच घेतले होते, आणि भिंतीवर प्रमाणपत्र होतं ते भलत्याच विषयाचं.

जीव द्यायची गोष्ट निघाली तर

हे लिहिताना हात थांबतो, पण यवतमाळ जिल्ह्यात राहून हे टाळता येत नाही. "माझ्यानं काही होत नाही, मी नसलो तं तुमी सुटसान," असं हे एकदा म्हणाले. मी घाबरून विषय बदलला होता. नंतर मानसशास्त्रज्ञांनी सांगितलं, सरळ विचारा: "जीव द्यायचं मनात येते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही. फवारणीच्या औषधांचे डबे घरातून त्याच दिवशी हलवायचे. आमचे मी दिराच्या गोडाऊनमध्ये कुलुपात ठेवले आणि किल्ली माझ्या पदराला. मग १४४१६, आणि जिवावरचं असेल तर १०८ ची रुग्णवाहिका, तीही फुकट.

काही घडलंच असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात खोटं सांगू नका, उपचार चुकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि सरकारने त्याच्या उपचाराची काळजी घ्यायची. दवाखान्यातली माहिती गुप्त ठेवणं हेही त्याच कायद्यात आहे, त्यामुळे पोरीच्या सोयरिकीत अडचण येईल म्हणून थांबू नका. मी थांबले होते.

पुढची तारीख घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघायचं नाही, ही आमची सवय झाली आहे. आता ती तारीख मी गिरणीच्या दारावर आतल्या बाजूने खडूने लिहून ठेवते, नाव नाही, गाव नाही, फक्त वार आणि पहिल्या एसटीची वेळ. दळण घ्यायला आलेल्या बाया वाचतात. मागच्या महिन्यात एकीने डबा उचलताना हळूच विचारलं, "काकू, तो सोमवार कायचा आहे?" मी शटर अर्धं खाली ओढलं आणि तिला आत बसवलं.