व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही? आधी टास्क मॅनेजर उघडा

लिनक्स शिकायला बसलेल्या नवख्यांना मी अधूनमधून मदत करते, आणि बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून झालं, उबुंटू या लिनक्स प्रकाराची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची प्रत) उतरवून झाली, मशीन तयार झालं, आणि ‘स्टार्ट’ दाबल्यावर समोर संदेश: व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद आहे. प्रोसेसर एएमडीचा असेल तर व्हीटी-एक्सच्या जागी एएमडी-व्ही. ही दोन्ही नावं व्हर्च्युअल मशीन चालवायला लागणाऱ्या प्रोसेसरमधल्या सोयीची, आणि बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारं, मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर. मग मंडळी व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा टाकतात, नाहीतर आयएसओ पुन्हा उतरवतात. दोन्हींचा या अडचणीशी काडीचा संबंध नाही.

मूळ एक्स८६ प्रोसेसरमध्ये काही सूचना अशा होत्या, की कमी अधिकारांच्या पातळीवर चालवल्या तर त्या तक्रार न करता वेगळंच वागायच्या. त्यामुळे पाहुण्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणाऱ्या, सिस्टीमचा कोड चालता चालता बदलत राहण्याची कसरत सॉफ्टवेअरला करावी लागे. इंटेलने २००५ मध्ये (व्हीटी-एक्स) आणि एएमडीने २००६ मध्ये (एएमडी-व्ही) या कामाची सोय थेट प्रोसेसरमध्येच दिली. व्हर्च्युअलबॉक्सने ६.१ या आवृत्तीपासून ती जुनी कसरत काढूनच टाकली, म्हणून आता प्रोसेसरमधली सोय चालू असल्याशिवाय त्याचं पान हलत नाही.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’ निवडा. आलेखाखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ अशी ओळ असते. तिथे ‘एनेबल्ड’ असेल तर बायोसच्या वाटेला जाऊच नका, तुमचं दुखणं दुसरं आहे. ‘डिसेबल्ड’ असेल तरच पुढे.

बायोसमध्ये शिरायची कळ प्रत्येक कंपनीची वेगळी: एफ२, डिलीट, एफ१०, एस्केप. कळा बडवत बसण्यापेक्षा शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा, मग ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ (यूईएफआय म्हणजे बायोसचंच नवं रूप). पण त्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं संरक्षण, चालू आहे का ते पाहा. फर्मवेअरमध्ये बदल झाल्यावर विंडोज कधीकधी ४८ अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती हाताशी नसेल तर स्वतःच्याच संगणकाच्या दाराबाहेर उभं राहावं लागतं. की आधी लिहून ठेवा, तीही दुसरीकडे.

आत गेल्यावर इंटेलच्या यंत्रात ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ किंवा नुसतं ‘व्हीटी-एक्स’ शोधा, एएमडीच्या यंत्रात ‘एसव्हीएम मोड’ (म्हणजे एएमडी-व्हीच). हे दुसरं नाव ओळखू न आल्याने पर्याय डोळ्यांसमोर असूनही लोक पुढे जातात. तो बहुधा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ किंवा ‘सीपीयू कॉन्फिगरेशन’मध्ये असतो, काही मदरबोर्डांवर चक्क ओव्हरक्लॉकिंगच्या (प्रोसेसरचा वेग वाढवण्याच्या) पानात दडवलेला. शेजारी ‘व्हीटी-डी’ दिसलं तर ते वेगळं प्रकरण आहे, पाहुण्या सिस्टीमला थेट हार्डवेअर देण्यासाठीचं. शिकण्यासाठी त्याची गरज नाही. बदल सेव्ह करा. परतल्यावरही ‘डिसेबल्ड’च दिसलं तर संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, नुसत्या रीस्टार्टने काही यंत्रं ऐकत नाहीत.

आता ‘एनेबल्ड’ असूनही रडणाऱ्या मशीनबद्दल. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत तळाशी हिरवं कासव दिसत असेल, तर प्रोसेसरची ती सोय आधीच हायपर-व्ही या विंडोजच्याच व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्यवस्थेच्या ताब्यात आहे आणि तुमचं मशीन त्याच्या डोक्यावर बसून रांगतंय. ‘मी तर हायपर-व्ही कधी चालू केलंच नाही’ हे उत्तर नेहमीचं. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) त्याच पायावर उभं असतं, आणि विंडोज ११ मधलं ‘मेमरी इंटेग्रिटी’ हे संरक्षणसुद्धा. ही शेवटची गोष्ट बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. रोजच्या वापराच्या संगणकाचं संरक्षण सरावाच्या मशीनसाठी का काढायचं? फक्त कमांड शिकायच्या असतील तर डब्ल्यूएसएल २ पुरतं. पूर्ण डेस्कटॉप हवा असेल आणि विंडोजची प्रो आवृत्ती असेल, तर मशीन सरळ हायपर-व्हीमध्येच बनवा.

मुख्य सिस्टीमच लिनक्स असेल तर काम सोपं. ‘एलएससीपीयू’ ही कमांड चालवा. व्हर्च्युअलायझेशनच्या ओळीत व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही दिसलं की प्रोसेसरला ती सोय आहे. बायोसमध्ये ती चालू आहे की नाही, हे मात्र ‘डेव्ह’ फोल्डरात ‘केव्हीएम’ नावाची फाइल आहे का यावरून पाहा. आणि मशीनला रॅम देताना निम्म्याहून जास्त देऊ नका, नाहीतर मूळ सिस्टीमच धापा टाकायला लागते.