अप्रॅक्सिया ओळखावा कसा आणि रुग्णाला मदत करावी कशी

हातात ताकद आहे, स्पर्श कळतो, सांगितलेले समजते आणि तरीही ‘दात कसे घासता ते करून दाखवा’ म्हटल्यावर हात हवेतच चाचपडतो, तेव्हा अप्रॅक्सियाची शंका घ्यावी. शिकून अंगवळणी पडलेल्या हालचालींची मेंदूतील आखणी या विकारात बिघडते. जर्मन वैद्य ह्यूगो लीपमान यांनी १९०० साली अशा रुग्णाचे सविस्तर वर्णन केले. ही आखणी बहुतेकांत मेंदूच्या डाव्या गोलार्धावर अवलंबून असल्यामुळे तिथे पक्षाघाताने इजा झाली की दोष बहुधा दोन्ही हातांत उतरतो. म्हणून उजवा हात लुळा पडला असला तरी डाव्या हाताकडेही लक्ष द्यावे.

घरच्यांचा गोंधळ नेमका इथे होतो: सांगून न जमलेला निरोपाचा हात पाहुणे निघाले की आपसूक हलतो, आणि रुग्ण सोंग करतो असे वाटू लागते. हे सोंग नव्हे. सहज घडणारी हालचाल आणि मागणीवरून करायची हालचाल यांतील ही तफावत विकाराचेच लक्षण आहे.

निरीक्षण करताना आधी वस्तूशिवाय कृती करायला सांगावी, मग आपण करून दाखवून नक्कल करायला लावावी आणि शेवटी खरी वस्तू हातात द्यावी. वस्तूशिवाय दाखवताना रुग्ण बोटालाच ब्रश समजून दातांवर फिरवतो, ही नेहमी आढळणारी चूक आहे. वस्तू हाती आल्यावर अनेकांची कृती सुधारते; पण कुणी ब्रशने केस विंचरू लागला किंवा पायऱ्यांचा क्रम उलटसुलट करू लागला, तर दोष अधिक खोल आहे. वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे बोलणे वा समजणे बिघडणे) सोबत असेल तर सूचनाच समजली नसण्याची शक्यता उरते, म्हणून नकलेवर अधिक भर द्यावा. निदान मात्र न्यूरॉलॉजिस्टनेच करावे, आणि लक्षणे अचानक उद्भवली असतील तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

सरावासाठी खरी वस्तू, नेहमीची जागा आणि ठरलेला क्रम ठेवावा. सूचनांचा भडिमार करण्यापेक्षा मागे उभे राहून रुग्णाचा हात धरून कृती पूर्ण करून घ्यावी. एका कामाचा सराव दुसऱ्या कामात सहसा उतरत नाही. त्यामुळे शर्टाची बटणे की दाढी, आधी काय हवे, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे पुन्हा शिकवणाऱ्या तज्ज्ञाने) रुग्णालाच विचारून ठरवावे.