वळणावर कलंडणारा डबा

ठाण्यातील आमच्या घराच्या बंद गॅलरीत मी १:८७ प्रमाणातील (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी) खेळण्यासारखी छोटी मॉडेल रेल्वे मांडली आहे. कार्डशीट कापून, निळा रंग देऊन तयार केलेला आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धर्तीचा) प्रवासी डबा देखणा झाला होता. मात्र वेग जरा वाढला की तो वळणावर बाहेरच्या बाजूला कलंडत असे. प्रथम मी रुळांनाच दोष दिला आणि दोन रविवार ते उगाच उखडून बसवले. कारण वेगळेच निघाले: आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले १६७६ मिलिमीटर अंतर या प्रमाणात १९.३ मिलिमीटर व्हायला हवे, पण तयार मिळणाऱ्या रुळांत ते १६.५ मिलिमीटरच असते, म्हणजे रुंद भारतीय डबा अरुंद पायांवर उभा राहतो. त्यात छताचा गोलवा साधण्यासाठी मी पुट्टीचे जाड थर चढवले होते. मग छत आतून कोरून हलके केले, चेंदणी कोळीवाड्यातून आणलेल्या, जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या ठोकून चपट्या केल्या आणि डब्याच्या तळाशी, दोन्ही बोगींच्या (चाकांच्या सांगाड्यांच्या) वर, इपॉक्सीने चिकटवल्या (शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुतलेच पाहिजेत). साडेचोवीस सेंटिमीटरच्या डब्याला अमेरिकेतील एनएमआरए या मॉडेल रेल्वे छंदिष्टांच्या संघटनेच्या सूत्राप्रमाणे सुमारे १६५ ग्रॅम वजन लागते. माझा आधी ९० ग्रॅमही भरत नव्हता. आता तो सर्वांत तीव्र वळणही सरळ उभा राहून घेतो. निळ्या रंगावर बोटांचे ठसे उमटले आहेत, ते मात्र तसेच राहू दिले.