सर्व्हरमध्ये कार्ड बसवायचंय? आधी स्लॉट ठरवा

नेटवर्क कार्ड असो, एचबीए (स्टोरेज जोडणारं कार्ड) असो, एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) अ‍ॅडाप्टर असो की जीपीयू (ग्राफिक्स आणि जड गणितं करणारं कार्ड), सर्व्हरमध्ये कार्ड बसवण्याचं हाताचं काम फार तर पंधरा-वीस मिनिटांचं. पुढे ज्या तक्रारी येतात (कार्ड दिसतच नाही, अर्ध्या वेगाने चालतं, पंखे बोंबलतात) त्यातल्या बऱ्याचशा झाकण उघडण्याआधीच ठरलेल्या असतात, कारण स्लॉट न बघताच कार्ड मागवलेलं असतं.

म्हणून पहिल्यांदा सर्व्हरचं मॅन्युअल उघडा आणि स्लॉटचा तक्ता शोधा. त्यात तीन गोष्टी बघायच्या. एक, स्लॉटची लांबी आणि त्यातल्या लेन (डेटा जाण्या-येण्याच्या वाटा) यांचा मेळ असेलच असं नाही. दिसायला एक्स१६ (सोळा लेनचा), पण आत जोडलेल्या लेन आठच, असं सर्रास असतं. दोन, तो स्लॉट कोणत्या प्रोसेसरला जोडलाय. दोन सॉकेटच्या (दोन प्रोसेसर बसतील अशा) सर्व्हरमध्ये एकच प्रोसेसर असेल, तर दुसऱ्याच्या वाट्याचे स्लॉट मेलेलेच असतात. कार्ड चांगलं, स्लॉट चांगला, तरी काही दिसत नाही, आणि दुकानदाराशी भांडण होतं ते वेगळंच. तीन, स्लॉट पूर्ण उंचीचा आहे की लो प्रोफाइल (कमी उंचीचा). पूर्ण उंचीचा ब्रॅकेट (कार्डाच्या टोकाची धातूची पट्टी) साधारण १२ सेंमी, लो प्रोफाइल साधारण ८ सेंमी. २यू (रॅकमधल्या दोन खणांच्या उंचीच्या) सर्व्हरमध्ये कार्ड थेट बोर्डावर उभं बसत असेल तर लो प्रोफाइलच लागतं. रायझरवर (बोर्डाला जोडणाऱ्या उभ्या पट्टीवर) आडवं बसत असेल तर बहुधा पूर्ण उंचीचंही चालतं.

लेनचा हिशेब सोपा आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या (हे स्लॉट ज्या पद्धतीचे असतात तिच्या) तिसऱ्या पिढीत एका लेनवर एका दिशेने सेकंदाला सुमारे १ जीबी, चौथ्या पिढीत त्याच्या दुप्पट. दोन पोर्टच्या १० गिगाबिट कार्डाला तिसऱ्या पिढीच्या चार लेन पुरतात. दोन पोर्टच्या २५ गिगाबिटला आठ हव्यात. १०० गिगाबिटचा एकच पोर्ट पूर्ण चालवायचा तर तिसऱ्या पिढीच्या सोळा किंवा चौथ्या पिढीच्या आठ. चार एनव्हीएमई एकाच साध्या कार्डावर बसवणार असाल, तर तो स्लॉट चार-चार लेनमध्ये विभागण्याची सोय बायॉसमध्ये (सर्व्हर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) आहे का, हे आधी बघा. ती नसेल तर चारातली एकच ड्राइव्ह दिसेल, आणि दोष ड्राइव्हचा नसेल.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्या सर्व्हरमधून उतरवलेलं कार्ड घेताना दोन्ही ब्रॅकेट मागून घ्या. कार्ड स्वस्तात मिळतं, लो प्रोफाइल पट्टी मात्र बॉक्समध्ये नसते. शनिवारी रात्री डाउनटाइम घेतल्यावर हे लक्षात आलं तर रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद. सोनेरी पिनांवर काळे-हिरवे डाग असतील तर ते कार्ड परत ठेवा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या मालावर ते हमखास दिसतात. नुसता मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड. खोडरबर नको, त्याने मुलामा झिजतो.

जीपीयूसाठी वीज वेगळी मोजा. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्यापुढचं केबलने. इथली एक चूक महाग पडते: प्रोसेसरची आठ पिनची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनची केबल दिसायला सारख्या, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट. सर्व्हरच्या अनेक जीपीयूंना पहिली लागते, डेस्कटॉपच्या कार्डांना दुसरी. जोर लावून घुसवली तर थेट शॉर्ट. त्यात सर्व्हर कंपन्या रायझरकडचं टोक आपापल्या पद्धतीचं ठेवतात. त्या मॉडेलचीच केबल घ्या.

सर्व्हर बंद करण्याआधी बॅकअप, आणि रिमोट मॅनेजमेंटचं (दुरून सर्व्हर हाताळायच्या सोयीचं) कन्सोल उघडतंय ना याची खात्री. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) असेल तर तो तात्पुरता सस्पेंड करा, नाहीतर हार्डवेअर बदललं म्हणून रिकव्हरी की मागू शकतो. डेटा सेंटरमध्ये ठेवलेला सर्व्हर असेल तर कार्डाच्या सीरियल नंबरसह आत नेण्याचा पास आदल्या दिवशीच काढा.

आता प्रत्यक्ष काम. ऑपरेटिंग सिस्टीममधून शटडाउन करून दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल काढा. फक्त बटणाने बंद केलेल्या सर्व्हरमध्ये स्टँडबाय वीज चालूच असते. बोर्डावरचे दिवे विझेपर्यंत थांबा. मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा चॅसिसच्या रंग नसलेल्या धातूला लावा. बाहेर घामाच्या धारा लागल्या असल्या तरी एसी सर्व्हर रूममधली हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. आणि पावसाळ्यात थंड सर्व्हर बाहेरच्या पॅसेजमधल्या टेबलावर आणून उघडू नका. दमट हवेत थंड धातूवर पाणी धरतं. काम आतच करा.

हवेचं प्लास्टिक आवरण काढा, रायझर सरळ वर उचला, रिकाम्या जागेची पट्टी काढून जपून ठेवा. कार्ड कडांना धरून दोन्ही बाजूंनी सारखा दाब देत बसवा. सोनेरी पिनांची रेघ सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. ब्रॅकेटचा स्क्रू आवळताना कार्डाचं मागचं टोक वर उचललं जात नाही ना, हे बघा. ‘बसलेलं’ कार्ड सुटतं ते बहुतेक इथेच. मग रायझर परत दाबून बसवा, हवेचं आवरण विसरू नका. पंखे नसलेली कार्डं त्याच वाऱ्यावर जगतात, त्यामुळे झाकण उघडं ठेवून सर्व्हर चालवायचा नाही.

पहिलं बूट लांबतं. मध्येच बटण दाबू नका. लिनक्सवर रूट म्हणून एलएसपीसीआय (lspci) या, जोडलेली कार्डं दाखवणाऱ्या कमांडचं सविस्तर आउटपुट काढा आणि लिंकची क्षमता (LnkCap) व लिंकची सध्याची स्थिती (LnkSta) या दोन ओळी जुळवा. एक्स८ कार्ड एक्स४ वर आलं असेल तर स्लॉट चुकलाय किंवा कार्ड नीट बसलेलं नाही. जीपीयू मात्र रिकामा असताना स्वतःच वेग उतरवतो, तिथे लोड देऊन बघा.

सर्व्हर चालू झाला पण नेटवर्क गेलं, तर घाबरू नका. नव्या कार्डामुळे बस क्रमांक (सिस्टीमने कार्डांना दिलेले जागेचे क्रमांक) सरकतात, त्या क्रमांकावरून पडलेली जुन्या पोर्टची नावं बदलतात, आणि आयपी जुन्याच नावावर अडकून राहतो. कन्सोलवरून नाव दुरुस्त करा, किंवा सेटिंग मॅक पत्त्याला (पोर्टच्या स्वतःच्या कायमच्या क्रमांकाला) बांधा.

पंखे अचानक पूर्ण वेगाने फिरू लागले तर ते बिघाडाचं लक्षण असेलच असं नाही. अनोळखी कार्डाचं तापमान कळत नाही म्हणून काही सर्व्हर सावधगिरीने वारा वाढवतात. मॅनेजमेंटच्या सेटिंगमध्ये त्या स्लॉटसाठी हे कमी करता येतं का बघा, पण कमी केल्यावर कार्डाचं तापमान भर दुपारच्या लोडवर तपासा. कार्ड अजिबातच दिसत नसेल तर क्रम असा: बायॉसमध्ये स्लॉट बंद आहे का, त्या बाजूचा प्रोसेसर आहे का, रायझर पूर्ण बसलाय का, फर्मवेअर जुनं आहे का. मोठ्या मेमरीच्या जीपीयूसाठी बायॉसमधलं ४ जीबीच्या वरचं डिकोडिंग (Above 4G Decoding) चालू करा. एवढं करूनही नाही, तर तेच कार्ड दुसऱ्या सर्व्हरमध्ये लावून बघा आणि मगच बदलून मागा.