‘स्पोन्देओ’ कसं वापरायचं

लॅटिनच्या पहिल्याच चाचणीत ‘स्पोन्देओ’ (मी वचन देतो) या क्रियापदाचं भूतकाळी रूप मी ‘स्पोन्दुई’ असं ठोकून दिलं होतं. मोनेओ या दुसऱ्या क्रियापदाचं मोनुई होतं, मग याचं का नाही? उत्तरावर लाल रेघ आली. तेव्हापासून चारही रूपं एका दमात म्हणते: स्पोन्देओ, स्पोन्देरे, स्पोपोन्दी, स्पोन्सुम्. तुम्हीही म्हणा, तिसरं म्हणजे भूतकाळाचं रूप अंदाजाने सापडत नाही. संस्कृत झालं असेल तर ओळख पटेल: स्पृश्‌चं पस्पर्श होतं, तसंच हे द्वित्व, म्हणजे धातूच्या सुरुवातीचा आवाज दोनदा येणं. फक्त तिथे ‘स’ धातूतच राहतो, इथे तो पुढे पळतो: स्पो-पोन्दी. उपसर्ग लागला की द्वित्व गळतं, म्हणून रेस्पोन्दी.

आता अर्थ. कोशात ‘वचन देणे’ दिसतं, पण तेवढ्यावर थांबू नका. साध्या वचनाला प्रोमित्तो चालतं. स्पोन्देओ हे मुळात प्रश्नाचं उत्तर आहे. एक रोमन विचारणार, ‘दारी स्पोन्देस?’ म्हणजे ‘दिलं जाईल, बांधून घेतोस?’ दुसरा म्हणणार, ‘स्पोन्देओ.’ झाला करार. कागद नसला तरी चालेल. मान हलवून मात्र भागत नसे, तोंडाने बोलावंच लागे. मागणी १० ची आणि होकार ५ चा असेल तर रोमन कायदेपंडित गायुसच्या मते सगळंच फुकट. तोच सांगतो की हा शब्द खास रोमन नागरिकांचा. परक्यांनी दाबिस–दाबो (‘देशील?’ ‘देईन’) किंवा प्रोमित्तिस–प्रोमित्तो म्हणावं. त्यामुळे भाषांतर करताना आधी मागे प्रश्न आहे का ते बघा. असेल तर मी ‘बांधील आहे’ लिहिते.

वाक्यरचनेत ज्याला शब्द दिला तो चतुर्थीत, दिलेली गोष्ट द्वितीयेत: ‘होक तिबि स्पोन्देओ’ (हे तुला वचन देतो). कुणासाठी जामीन राहायचं तर ‘प्रो’ (साठी) आणि पंचमीच्या जागेची लॅटिन विभक्ती, आब्लातिव: ‘प्रो आमिको स्पोन्देओ’ (मित्रासाठी जामीन राहतो). ‘येईन’ असं सांगायचं तर ‘स्पोन्देओ मे वेन्तूरुम् एस्से’. हा ‘मे’, म्हणजे द्वितीयेतला ‘मी’, माझ्याकडून अजूनही सुटतो. मराठीत ‘येईन’मध्येच ‘मी’ मावतो ना!

देस्पोन्देओ म्हणजे मुलगी देऊ करणं, वाग्दान. स्पोन्सा म्हणजे वाग्दत्त वधू. पण ‘आनिमुम् देस्पोन्देरे’ दिसलं तर मनाचं लग्न लावत बसू नका. तिथे माणसाने हाय खाल्लेली असते.